एमआरआय झालाय, मग एनसीव्ही कशाला?

कागल तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. आई ५४ वर्षांची. घरी दोन म्हशी, दोन्ही वेळची धार तीच काढते. आठ वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. वर्षभर दोन्ही हातांना, उजव्याला जास्त, रात्री मुंग्या येतात. झोपेतून उठून हात झटकत बसते. मानेचा एमआरआय झाला, त्यात ‘गादी सरकलीय’ असं आलं. आता न्यूरोच्या डॉक्टरांनी एनसीव्ही, म्हणजे नसांचा वेग मोजायची तपासणी, सांगितली आहे. शेजारच्या काकू म्हणतात, त्यात करंट देतात, शुगरवाल्यांनी करू नये. दुसरा प्रश्न भावाचा. तो १७ वर्षांचा. परीक्षेच्या आठवड्यात सकाळी आकडी येऊन पडला. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची नोंद, नॉर्मल आली, तरी डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. ती विचारते, “एमआरआय झालाय, मग एनसीव्ही कशाला? आणि ईईजी नॉर्मल, मग गोळ्या कशाला?”

मी कोल्हापुरात बावीस वर्षं हेच करतोय. नसांना छोटे झटके द्यायचे, स्नायूंत सुई घालून आवाज ऐकायचे, मेंदूच्या लहरी वाचायच्या. हे दोन्ही प्रश्न ओपीडीत रोज येतात आणि दोन्हींचं उत्तर शेवटी एकाच ठिकाणी जातं: रिपोर्ट एकटा बोलत नाही, तो पेशंटच्या हकिगतीशी जोडून वाचावा लागतो. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आईचं. रानात पाइपलाइन टाकलीय असं समजा. एमआरआय म्हणजे त्या पाइपलाइनचा फोटो. कुठं दबलीय, कुठं वाकलीय, ते फोटोत दिसतं. पण शेवटच्या सरीला पाणी पोचतंय का, ते फोटोत कळत नाही. त्यासाठी शेवटच्या सरीवर जाऊन उभं राहावं लागतं. एनसीव्हीत आम्ही तेच करतो. आणि तिथं उभं राहून दोन गोष्टी बघतो: पाणी उशिरा पोचतंय, की कमी पोचतंय? उशिरा पोचत असेल तर नसेवरचं वेष्टण, म्हणजे मायलिन, खराब झालंय. वेळेवर येतंय पण कमी येतंय, तर बहुधा आतले तंतूच मेलेत. या दोन्हींची कारणं वेगळी, औषधं वेगळी आणि बरं व्हायला लागणारा काळही वेगळा.

पन्नाशीनंतर मानेचा एमआरआय काढला आणि गादी जागच्या जागी टुणटुणीत दिसली, असं क्वचितच होतं. काहीच त्रास नसलेल्या माणसाचा काढला तरी दोन-तीन ठिकाणी ‘बल्ज’ येतोच. म्हणून त्या रिपोर्टवरचे शब्द वाचून घाबरू नका, आणि हात त्यानंच बधिर होतात असंही धरून चालू नका. रात्री झोप मोडणाऱ्या मुंग्या, हात झटकल्यावर बरं वाटणं, अंगठा ते अनामिका जास्त आणि करंगळी कमी, रोज दोन वेळा मुठी आवळून धार काढणं, त्यात शुगर. हे ऐकल्यावर माझं लक्ष मानेआधी मनगटाकडं जातं. मनगटात एक अरुंद बोगदा आहे. त्यातून मीडियन नावाची नस तळहातात उतरते आणि तिथं ती दबते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. शुगर आणि थायरॉइड असलेल्यांत हे जास्त दिसतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेलं धारोष्ण दूध पिणाऱ्याला त्यातली चव कळते. ती धार काढणाऱ्या हाताचं काय होतं, ते आमच्याकडं कळतं.

तपासणी अशी होते. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे त्यावर एक चकती चिकटवतात. मनगटापाशी नसेवर एक झटका देतात. अंगठा टुणकन उडतो आणि पडद्यावर एक डोंगर उमटतो. झटक्यापासून डोंगर सुरू होईपर्यंत किती वेळ गेला ते मोजतात. मग तसाच झटका कोपरापाशी. समजा मनगटापासून ४ मिलिसेकंद लागले, कोपरापासून ८, आणि दोन्ही जागांमधलं अंतर शिंप्याच्या टेपनं मोजलं तर २२ सेंटिमीटर भरलं. म्हणजे २२ सेंटिमीटरला ४ मिलिसेकंद, सेकंदाला ५५ मीटर, ताशी जवळपास दोनशे किलोमीटर. धडधाकट माणसाच्या हातातली नस साधारण सेकंदाला ५० मीटरच्या वर धावते, पायातली ४० च्या वर. कार्पल टनेलमध्ये कोपर ते मनगट हा वेग बहुधा ठीक असतो. शेवटच्या सात-आठ सेंटिमीटरलाच वेळ लागतो. तिथं साडेचार मिलिसेकंदांच्या आत यायचा तो आकडा साडेपाच-सहावर जातो. बोटांच्या संवेदनेची नस त्याआधीच मंदावलेली असते. त्याच हाताची करंगळीकडची नस मात्र नीट धावत असते. एकाच हातातल्या दोन नसांची अशी तुलना केली की शंका राहत नाही.

मान दोषी असेल तर चित्र वेगळं दिसतं, आणि हा या शास्त्रातला माझा आवडता भाग आहे. संवेदनेच्या नसेची मूळ पेशी मणक्याच्या छिद्रापाशी, गादी जिथं दाबते त्याच्या बाहेरच्या बाजूला असते. त्यामुळं गादीनं मूळ दाबलं, हात बधिर झाला, तरी बोटांतल्या संवेदनेची एनसीव्ही नॉर्मल येते. म्हणजे हात बधिर असून संवेदनेची तपासणी नॉर्मल आली, तर त्या ‘नॉर्मल’मध्येच उत्तर असतं. अर्थात, आईला दोन्ही असू शकतं. थोडी मान, थोडं मनगट. पण ऑपरेशन कुठं करायचं, की मुळात करायचंच नाही, हे ठरवताना कुणाचा वाटा किती ते कळायला हवं.

आता करंटचं. झटका बसतो, हे खोटं नाही. परवा भुदरगडच्या एका आजी तिसऱ्या झटक्यालाच म्हणाल्या, “आता सोडा की ओ, मी दमलो!” पण हा झटका सेकंदाच्या दहा हजार भागांपैकी एक-दोन भाग टिकतो. झाडू मारताना कोपर भिंतीवर आपटून करंगळीपर्यंत झिणझिण जाते ना, तशीच ही झिणझिण. शुगर असलेल्यांनी करू नये हे साफ चुकीचं; शुगरवाल्यांचीच तर आम्ही सगळ्यात जास्त करतो. गरोदरपणातही चालते. फक्त पेसमेकर असेल तर आधी सांगा, आम्ही झटक्याच्या जागा बघून घेतो. आणि सुईची तपासणी असेल तर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का तेही सांगा.

आईच्या हाताबरोबर पायांचीही करतील, त्याला नाही म्हणू नका. शुगरमध्ये सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात, म्हणजे पावलांच्या. पोटरीच्या मागची सुरल नस आधी बोलते. अजून एक. शुगरच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल आणि बरीच वर्षं चालू असेल, तर बी-१२ कमी होऊ शकतं. त्यानंही मुंग्या येतात. ते रक्तात कळतं, आणि भरून काढणं स्वस्त आहे. उलट, तळपायाची आग होते, रात्री चादर सहन होत नाही, आणि एनसीव्ही मात्र एकदम स्वच्छ, असंही पुष्कळदा होतं. अशा पेशंटला घरचे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ. मनाचे खेळ नाहीत ते. एनसीव्ही फक्त जाड, वेष्टण असलेल्या तंतूंचा वेग मोजते. आग, ठणका आणि गरम-गार कळवणारे तंतू बारीक असतात, ते या तपासणीत दिसतच नाहीत.

आता चूक कुठं होते ते सांगतो, कारण रिपोर्ट हातात आल्यावर तुम्ही फक्त खालची ओळ वाचणार.

जानेवारीतली सकाळ. गगनबावड्याकडून पहिल्या एसटीनं आलेले एक गृहस्थ, खिडकीची काच तुटलेली. माझा टेक्निशियन केबिनमध्ये आला आणि म्हणाला, “सर, चारही हातापायांच्या नसा स्लो आहेत, डीमायलिनेटिंग लिहू काय?” म्हणजे मायलिन खराब झाल्याचा आजार. मी जाऊन त्यांचा हात हातात घेतला. बर्फ. थर्मामीटर लावला तर त्वचा २७ अंशांवर. आमच्याकडं हात किमान ३२ अंशांवर असल्याशिवाय मोजायचं नाही असा नियम आहे, तो त्या सकाळी घाईत राहून गेला होता. तापमान एक अंश उतरलं की नसेचा वेग सेकंदाला साधारण दोन मीटरनं घटतो. पाच अंश म्हणजे दहा मीटर. पंचावन्नची नस पंचेचाळीसवर येते आणि धडधाकट माणूस कागदावर रोगी होतो. बादलीत कोमट पाणी आणलं, वीस मिनिटं हात-पाय बुडवून बसवलं, चहा दिला. पुन्हा मोजलं, सगळं नॉर्मल. त्यांचा खरा त्रास पाठीचा होता. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झनं पहिल्यांदा नसेचा वेग मोजला तो बेडकाच्या नसेवर, आणि आकडा आला सेकंदाला सुमारे २७ मीटर. थंड रक्ताचा प्राणी. त्या दिवसापासून आमच्या टेबलाखाली ती बादली कायम असते, आणि टेक्निशियन तिला ‘बेडकाची बादली’ म्हणतो.

थंडी नडते तशी वेळही नडते. नस तुटली किंवा चिरडली तरी तुटलेल्या जागेच्या पुढचा तुकडा लगेच मरत नाही. आठवडाभर तो झटक्याला उत्तर देत राहतो. स्नायूत सुई घातल्यावर दिसणाऱ्या खुणा तर दोन-तीन आठवड्यांनी उमटतात. उसाच्या ट्रॉलीखाली हात सापडला आणि तिसऱ्या दिवशी ईएमजी, म्हणजे ही सुईची तपासणी, केली, तर निम्मी माहितीच मिळणार नाही. तालमीत मान-खांद्यावर पडून हात लुळा पडलेल्या पैलवानाचे वस्ताद घाई करतात, “आजच करा की.” मी आज जुजबी बघतो आणि तीन आठवड्यांनी परत बोलावतो. वस्तादांना वाटतं, दोनदा पैसे काढतोय.

वेळेचा धडा मी स्वतः चुकून शिकलो. नवा असताना एका तरुणाचे पाय तीन दिवसांपासून जड झाले होते. एनसीव्ही केली, आकडे नॉर्मल आले, मी ‘नॉर्मल स्टडी’ लिहून सही केली. घरच्यांनी कागद बघितला, हुश्श केलं आणि त्याला घरी नेलं. दोन दिवसांनी परत आणला तेव्हा पाय उचलत नव्हते, आणि एका श्वासात वीसपर्यंत मोजायला सांगितलं तर अकरावर थांबत होता. गिया-बारे होता तो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला ज्याची साथ आली, तोच आजार. पहिल्या काही दिवसांत त्यात साधी एनसीव्ही नॉर्मल असू शकते. सगळ्यात आधी बिघडतात एफ लहर आणि एच रिफ्लेक्स. एफ लहर म्हणजे झटका नसेतून वर मणक्यापर्यंत जाऊन परत खाली येतो ती; एच रिफ्लेक्स म्हणजे घोट्याचा रिफ्लेक्स मशीनवर मोजायचा. पायाची सुरल शाबूत आणि हाताच्या संवेदनेच्या नसा खराब, अशी उलटी तऱ्हाही दिसते. त्या दिवशी मी एफ लहर बघितलीच नव्हती. पोरगा वाचला, महिनाभर आयसीयूत काढून. तेव्हापासून अशा पेशंटच्या कागदावर मी एकटा ‘नॉर्मल’ लिहीत नाही. लिहितो: ‘तिसरा दिवस; आज नॉर्मल; आजाराची शंका कायम; गुडघ्याचे रिफ्लेक्स नाहीत; दाखल करा.’

तर मुद्दा असा, की एनसीव्ही ही रक्तातल्या साखरेसारखी तपासणी नाही. नमुना दिला, आकडा आला, संपलं, असं होत नाही. पेशंटला तपासून एक प्रश्न मनात घेऊन मशीनपाशी बसावं लागतं. नुसतं ‘चारही हातापायांची एनसीव्ही’ असं लिहून आलेल्या चिठ्ठ्या बघितल्या की माझं डोकं उठतं. काही ठिकाणी कंबरदुखी दिसली की पॅकेजमध्येच ही तपासणी बसवलेली असते. नुसती कंबर दुखते, पायात ना बधिरपणा ना कमजोरी, तर एनसीव्हीची काही गरज नाही.

प्रश्न मनात असला की काय होतं ते सांगतो. राधानगरीकडची एक पस्तिशीतली बाई. उजवं पाऊल लोंबत होतं, चालताना फटफट आवाज, चप्पल पायातून निसटते आणि तिला कळतही नाही. कमरेच्या एमआरआयमध्ये एल ४-५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, गादी सरकलेली. ऑपरेशनची तारीख ठरलेली. जाता जाता सासऱ्यांनी इकडं आणलं. मी विचारलं, कंबर दुखते का? नाही. पाऊल पडायच्या आधी काय करत होता? “काय न्हाई, भांगलण.” किती दिवस? “आठवडाभर, दिसभर उकिडवं बसून.” तिला पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगितलं. दणकट ताकद. कमरेतली पाचवी नस दबली असती तर ही ताकदही गेली असती, कारण तो स्नायू त्याच मुळावर चालतो पण नस वेगळी. आता मशीन. घोट्यापाशी झटका दिला तर डोंगर ४.५ मिलिव्होल्टचा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बारक्या हाडाचा गोळा लागतो बघा, त्याच्या खाली दिला, ४.२. त्याच्या वर दिला, ०.८. दहा सेंटिमीटरच्या अंतरात पाणी आटलं. उकिडवं बसून बसून नस त्या हाडावर दबली होती. त्या जागेच्या खाली झटका दिला की डोंगर चांगला येत होता, म्हणजे आतले तंतू जिवंत होते, फक्त दबलेल्या जागी वेष्टणाला मार लागून निरोप अडत होता. पाऊल धरून ठेवायचा पट्टा दिला, उकिडवं बसणं आणि मांडी घालून बसणं बंद, दहा आठवड्यांत पाऊल उचललं. त्या सर्जनना मी दोष देत नाही. फोटोत गादी खरोखरच होती.

अशीच कोपरापाशी जाड लागणारी, करंगळीकडची नस हाताला लागली, हातावर एखादा फिकट चट्टा असला, तर मी कुष्ठरोगाचा विचार केल्याशिवाय सोडत नाही. २००५ च्या अखेरीला देशपातळीवर ‘निर्मूलन’ जाहीर झालं. त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकाहून कमी. शून्य नव्हे. नवे पेशंट आजही येतात, आणि औषध मोफत आहे.

सुईच्या तपासणीला, ईएमजीला, लोक सगळ्यात जास्त घाबरतात. रक्त काढायच्या सुईपेक्षा ती बारीक असते आणि तिच्यातून करंट जात नाही. ती फक्त ऐकते. मशीनला स्पीकर असतो. निरोगी स्नायू सैल सोडला तर शांतता. नस तुटलेला स्नायू सैल असतानाही टपटप वाजत राहतो, पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसा. मायोटोनिया नावाच्या आजारात सुई हलवली की आवाज चढतो नि उतरतो, गल्लीत कुणीतरी बुलेट रेज करून सोडल्यासारखा. पेशंटच्या नातवानं एकदा दाराबाहेरून विचारलं होतं, आत गाडी आहे काय म्हणून. बरेचसे निर्णय मी पडद्यापेक्षा कानानं घेतो. पण ‘सुईची तपासणी करू की नको’ हे एनसीव्ही बघून त्याच वेळी ठरतं. तुमच्या आईच्या बाबतीत कदाचित लागणारही नाही.

बाकीच्या तपासण्यांची नुसती ओळख. संध्याकाळी पापणी खाली येते, जेवताना जबडा दमतो, सकाळी सगळं ठीक, अशा वेळी मायस्थेनियासाठी, म्हणजे नस आणि स्नायू जिथं जुळतात तिथल्या आजारासाठी, एकाच नसेला सेकंदाला तीन झटके देतात आणि डोंगर उतरत जातो का बघतात. दहा टक्क्यांहून जास्त उतरला तर अर्थ आहे. फक्त डोळ्यांपुरता आजार असेल तर ही तपासणी बऱ्याचदा हुकते. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीपासून थांबवावी लागते. व्हीईपीत काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पडदा उलटापालटा होतो आणि नजरेचा निरोप मेंदूच्या मागच्या भागात सुमारे १०० मिलिसेकंदांत पोचतो का ते बघतात; चष्मा घरी विसरून येऊ नका. बेरा ही कानाच्या नसेची, तान्ह्या बाळाचीही होते, बाळ झोपलेलं हवं.

आता भावाकडं वळतो.

ईईजीला यंदाच्या हिशेबानं शंभर वर्षं होऊन गेली. जर्मनीत हान्स बर्गरनं १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिली लहर नोंदवली, छापली १९२९ मध्ये. तेव्हापासून तिच्याबद्दल एक गैरसमज टिकून आहे, की आकडीचा आजार आहे की नाही हे ईईजी ठरवते. ते तसं नाही. आकडीचं निदान बघणाऱ्यानं सांगितलेल्या हकिगतीवर होतं. ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींची अर्ध्या तासाची नोंद. ज्यांना आकडीचा आजार नक्की आहे, त्यांच्यातही पहिल्या नोंदीत खूण सापडते ती साधारण निम्म्यांत, कधी त्याहून कमी. रंकाळ्याच्या काठावर अर्धा तास बसलात आणि एकही मासा उडाला नाही, तर रंकाळ्यात मासे नाहीत असं म्हणाल काय? दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, झोपेत नोंद घेतली की सापडण्याचं प्रमाण वाढत जातं.

उलटही तितकंच खरं. डोकं दुखतं म्हणून, चक्कर आली म्हणून ईईजी काढायची, त्यात कुठंतरी एक टोकदार लहर दिसायची, आणि आकडी कधी न आलेल्या माणसाला वर्षानुवर्षं गोळ्या. झोपेत निरोगी मेंदूतही टोकदार दिसणाऱ्या लहरी असतात. डोकेदुखीसाठी ईईजी करू नये, हे माझं स्वच्छ मत आहे.

तुमच्या भावाबद्दल मला काही विचारायचंय. परीक्षेचा आठवडा, म्हणजे जागरण. आकडी सकाळी, उठल्यावर थोड्याच वेळात. या दोन गोष्टी ऐकून माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सकाळी दात घासताना ब्रश हातातून उडतो का? चहाचा कप हिंदकळतो का? घरचे म्हणतात, “व्हय की, धांदरट आहे तो.” धांदरट नसतो. ते क्षणभराचे झटके असतात, आणि ते असतील तर या वयातला एक ठरावीक आजार आहे, जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. मग ‘पहिलीच आकडी, गोळी कशाला’ हा हिशेब लागू होत नाही, कारण रोज सकाळी छोट्या आकड्या येतच होत्या. तुमच्या डॉक्टरांनी ईईजी नॉर्मल असून गोळ्या सुरू केल्या, म्हणजे त्यांनी असंच काहीतरी ऐकलं असणार. त्यांना विचारा, सांगतील.

आणि इथं ईईजीचा खरा उपयोग येतो. आकडी कुठल्या जातीची, हे ती सांगते. कार्बामाझेपिनसारखी काही चांगली औषधं या जातीत झटके वाढवतात. म्हणून दुसरी ईईजी सांगितली तर करा, पण जागरणानंतरची करा. रात्री दोनला झोपवा, चार-साडेचारला उठवा, सकाळी लवकरची वेळ घ्या, टेबलावर झोपू द्या. नोंदीत उजेडाची उघडझाप करतात, तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात. त्यानंच लहरी बाहेर येतात. लहान मुलांना मी कागदाची भिंगरी फुंकायला देतो. गेल्या वर्षी एक चिमुरडी भिंगरी फुंकता फुंकता मध्येच थांबली, नऊ सेकंद भिंतीकडं बघत राहिली आणि पुन्हा फुंकायला लागली. पडद्यावर सेकंदाला तीन लहरी, म्हणजे तीही एक आकडीच. शाळेत तिला ‘लक्ष नसतं’ म्हणून बाकावर उभी करत होते.

एखाद्या वेळी मात्र ईईजी पहिल्या पानावरच सगळं सांगते आणि ते वाचावंसं वाटत नाही. अभ्यासात अचानक मागं पडलेला, चालताना मध्येच गचका बसणारा शाळकरी मुलगा, आणि दर काही सेकंदांनी घड्याळासारखी येणारी तीच ती मोठी लहर. लहानपणीच्या गोवरानं वर्षांनंतर मेंदूत केलेलं काम असतं ते. गोवराची लस चुकवू नका, एवढंच म्हणतो.

जागरणाच्या ईईजीला त्याला एकट्याला मोटरसायकलवर पाठवू नका. गोळ्या स्वतःहून बंद करून आणू नका. डोकं आदल्या दिवशी शांपूनं धुवा, तेल अजिबात नको. आमच्या चकत्या तेलकट केसांवर बसत नाहीत आणि टेक्निशियनचा अर्धा तास नुसतं पुसण्यात जातो. पुन्हा आकडी आलीच तर एका कुशीवर वळवा आणि दुसऱ्या कुणाला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. त्या एका मिनिटाच्या व्हिडिओतून मला कित्येकदा ईईजीपेक्षा जास्त कळतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा. कांदा आणि चप्पल नाकाला लावायची नाही. कोल्हापुरी चप्पल पायातच बरी.

आईला उपाशी आणू नका, शुगरची गोळी घेऊनच आणा. हातापायाला तेल किंवा क्रीम नको. काचेच्या बांगड्या काढायची गरज नसते, वर सरकवल्या तरी चालतं. बऱ्याच जणी त्या भीतीनंच तारीख पुढं ढकलतात. जोडवीही राहू द्या. एमआरआयची फिल्म सोबत घ्या, नुसता कागद नको. तोवर रात्री मनगट सरळ राहील असा पट्टा बांधून झोपवा, आणि आठवडाभर धार दुसऱ्या कुणीतरी काढा. त्यानं रात्रीच्या मुंग्या कमी झाल्या का, ते तपासणाऱ्याला आवर्जून सांगा.